बॉनेट गार असतानाच

गेल्या खेपेला या सदरात वापरलेली छोटी गाडी घेण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्मी पत्रं भलत्याच गाड्यांची निघाली. आठ सिलिंडर, दहा सिलिंडर, पाचशे अश्वशक्ती. पंधरा वर्षांपूर्वी ज्या सेडान लोक नुसत्या वळून बघायचे, त्या आता साध्या नव्या गाडीच्या भावात मिळतात म्हटल्यावर हात शिवशिवणारच. वापरलेल्या गाड्या सौद्याआधी तपासून देणं हे माझं बावीस वर्षांचं काम. म्हणून या वेळचं सगळं सदर याच पत्रांना.

प्रश्न : २००७ सालची बीएमडब्ल्यू एम ५ (ई ६०) बघतोय. तिसरा मालक, रनिंग एक लाख दहा हजार किलोमीटर, दिसायला झकास. मालक सज्जन वाटतो. म्हणाला, "कधीही या, तुम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करून ठेवतो." पहिल्या भेटीत नेमकं काय बघू?

उत्तर : आधी त्या सज्जनांना फोन करा आणि सांगा, कृपा करून स्टार्ट करून ठेवू नका. सकाळची वेळ ठरवा. पोचल्यावर गप्पांच्या ओघात बॉनेटवर तळहात टेकवा. कोमट लागलं, तर काहीतरी निमित्त काढून निघा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तेल खाली चेंबरात उतरलेलं असतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर, कॅमचं टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा, बेअरिंगं, सगळं तेलाच्या दाबावर जगतं. तो दाब तयार व्हायला लागणारे पहिले दोन-तीन सेकंद इंजिन खरं बोलतं. एकदा गरम झालं की तेच इंजिन शहाण्यासारखं गप्प बसतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. धंद्यात नवी असताना मी स्वतःसाठी एक आठ सिलिंडरची सेडान घेतली. मालकानं मी पोचण्याआधी "जरा पेट्रोल भरून आणलं" होतं. मला तो आतिथ्याचा भाग वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच दारात गाडी स्टार्ट केली आणि बॉनेटखालून शिवणयंत्रासारखा आवाज सुरू झाला. इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, म्हणजे टॅपेट आणि कॅम, दोन्ही गेलेले. त्या वर्षी मी बाकी काही विकत घेतलं नाही.

आता तुमची गाडी. पाच लिटर, व्ही १०, ५०७ अश्वशक्ती, ८,२५० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन. या गाडीच्या आरपीएम मीटरभोवती बारीक दिव्यांची एक कड आहे. इंजिन गार असताना ते दिवे बरेच खालून लागलेले असतात, म्हणजे 'इथवरच फिरव, पुढे नको'. तेल तापत जाईल तसे दिवे एकेक करून विझतात आणि मर्यादा वर सरकते. पहिली दहा मिनिटं गाडी मालकालाच चालवू द्या. तुम्ही शेजारी बसा, आणि रस्त्याकडे बघू नका. ते दिवे बघा आणि त्याचा उजवा पाय बघा. दिवे विझायच्या आत त्यानं तुम्हाला पिकअप दाखवायला ॲक्सिलरेटर दाबला, तर तो रोज हेच करतो असं समजा. तुमच्या समोर, विकताना, जो माणूस धीर धरत नाही, तो एकटा असताना काय धरणार? वापरलेली गाडी घेताना आपण खरं तर हा पाय विकत घेत असतो.

इतकं त्या पायाचं का? कारण या इंजिनाचं दुखणं कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या रॉडच्या, बेअरिंगांत आहे. दहा रॉड, प्रत्येकाला शेलची, म्हणजे अर्धगोल धातूच्या पट्ट्यांची, जोडी. त्यांच्यातली फट मुळात कमी, तेल १० डब्ल्यू-६० जातीचं, गार असताना चांगलंच जाड. गार इंजिन ताणलं की शेल घासतात. वाईट भाग असा की कानाला 'टक-टक' ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे कानावर विसंबू नका, कागद मागा. बेअरिंगं बदलल्याचं बिल असेल तर उत्तम. पुढची सबफ्रेम खाली घेऊन, चेंबर काढून, खालूनच हे काम करता येतं, त्यामुळे बरेच जाणते मालक ते आधीच उरकून घेतात. बिल नसेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यायची परवानगी मागा. शिसं आणि तांबं वाढलेलं दिसलं तर ते बेअरिंगाचंच आहे. आणि मालक तेल बदलायला तयार असेल, तर जुना फिल्टर टाकू देऊ नका. कात्रीनं कापायचा, आतला कागद पांढऱ्या फडक्यावर घडी उलगडत पसरायचा आणि उन्हात तिरका धरायचा. काळं तेल बघून घाबरू नका, ते काळंच असणार. घड्यांच्या खाचेत चमचम दिसते का ते बघा. एखादा ठिपका चालेल. पण जरीच्या पदरासारखं चमकलं, तर फडकं गुंडाळा आणि मालकाचे आभार माना.

गिअरबॉक्स एसएमजी असेल, म्हणजे क्लचचं पेडल नाही पण क्लच आहे. गिअर हायड्रॉलिक दाबानं पडतात. पंप, त्याची मोटर आणि दाब साठवणारी टाकी या तिघांपैकी कुणीही दगा देतं. चढावर थांबून निघा, रिव्हर्समध्ये हळू घ्या, रहदारीत रांगू द्या. पहिल्या-दुसऱ्यात थोडे हिसके या गिअरबॉक्सच्या स्वभावातच आहेत, ते माफ. पंप सारखा सारखा घरघरत असेल तर माफ नाही. शिवाय थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा, उघडणारे दोन ॲक्चुएटर. त्यातला एक रुसला की दिवा लागतो आणि गाडी ताकद आवरून घेते. ताकदीवरून आठवलं, ही गाडी स्टार्ट केली की दरवेळी ४०० अश्वशक्तीच्या खात्यावर येते. पूर्ण ताकदीसाठी बटण दाबावं लागतं. तेल गरम झाल्यावर ते दाबून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर चालवा, नाहीतर तुम्ही चार-पंचमांश गाडीच तपासाल.

एक गंमत. लोक खिशात चुंबक घेऊन येतात आणि या गाडीच्या बॉनेटला लावून चेहरा पाडतात. "चिकटत नाही! पुट्टी भरलीय!" अहो, ई ६० चं बॉनेट आणि पुढची फेंडर ॲल्युमिनियमची आहेत. चुंबक चिकटला तर काळजी करा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र ॲल्युमिनियमवर चालणारं हवं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास मिळतो. दुप्पट आला तर पुन्हा रंगवलंय. चौपट-पाचपट आला तर खाली पुट्टी आहे आणि तिथे काहीतरी घडलं होतं. पुन्हा रंगवणं हा गुन्हा नाही, पुढच्या भागाला खड्यांचे ओरखडे येतातच. फक्त विचारल्यावर मालकानं आपणहून सांगितलं का, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : बघितलेल्या गाडीचं सर्व्हिसबुक पहिल्या पानापासून शिक्क्यांनी भरलेलं आहे. आता तरी निश्चिंत व्हायला हरकत नाही ना?

उत्तर : शिक्का रबराचा असतो. मी एकदा एकाच दिवशी मारलेले सहा वर्षांचे शिक्के पाहिलेत. शाईची छटा एक, कलतेपणा एक, अक्षर एका दमात लिहिल्यासारखं. पुस्तक बाजूला ठेवा आणि बिलं मागा.

बिलं वाचायची एक पद्धत आहे. तारीख आणि किलोमीटर यांची एक साधी यादी कागदावर उतरवून काढा. टायरचं बिल, बॅटरीचं बिल, काच बदलल्याचं बिल, सगळ्यांवर बहुधा किलोमीटर लिहिलेले असतात आणि मीटर मागे फिरवणारा माणूस टायरवाल्याचं बिल विसरतो. मग तेल किती लिटर घातलं ते बघा. वरच्या प्रश्नातल्या व्ही १० ला नऊ लिटरांहून जास्त तेल लागतं. बिलावर पाच लिटर असेल, तर एक तर तेल बदललं नाही किंवा गाडीच दुसरी होती. तेलाची जात लिहिलेली नसेल तरी विचारा. बीएमडब्ल्यूच्या नवीन एम गाडीची पहिली सर्व्हिस साधारण २,००० किलोमीटरला व्हायची, इंजिन रुळताना सुटलेली धातूची भुकटी काढून टाकायला. ते बिल जपून ठेवणारा पहिला मालक मला नेहमीच आवडतो.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडून दोषांच्या नोंदी वाचणारं यंत्र. दिवे न लागणं म्हणजे दोष नसणं नव्हे. कुणी आदल्या रात्री दोष पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अर्धवट असल्याचं स्कॅनर दाखवतो, आणि दोष पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. तिथे 'बारा किलोमीटर' आलं की मी फक्त मालकाच्या तोंडाकडे बघते. बीएमडब्ल्यूच्या कंप्युटरात प्रत्येक दोषाबरोबर तो कितव्या किलोमीटरला आला याची नोंद राहते. मीटरवर नव्वद हजार आणि एखादा जुना दोष एक लाख चाळीस हजारावरचा, असं निघालं तर मग बोलायचं काही उरत नाही.

प्रश्न : माझे यजमान मर्सिडीज ई ६३ एएमजीसाठी हट्टाला पेटलेत, २००८ ची. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण बघायला मी सोबत जाणार आहे. मी नुसतीच उभी राहू का?

उत्तर : अजिबात नाही. उलट तुमच्याइतकी मोक्याची जागा कुणाकडेच नाही. या धंद्यात एवढी वर्षं काढूनही विकणारा माझ्याशी बोलत नाही, माझ्यासोबत जो कुणी पुरुष असेल त्याच्याशी बोलतो. मग तो पगारी ड्रायव्हर का असेना. पूर्वी राग यायचा. आता मी तेवढ्यात गाडीभोवती फेरी मारून येते.

तुम्हीही तेच करा. आधी टायर. बाजूच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. चारही टायरचे आकडे लिहून घ्या, कंपनीही लिहा. खोलवर नक्षी शिल्लक असलेला पण दहा वर्षांचा टायर लाकडासारखा टणक झालेला असतो आणि पाचशे अश्वशक्ती त्याच्यावर सोडणं म्हणजे तेलकट फरशीवर पळणं. आकारापुढचं अक्षर वाचा. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू २७०, व्ही २४०. अशा गाडीला व्ही दिसला, किंवा चार चाकांना तीन कंपन्या दिसल्या, की मालकानं पैसे कुठे वाचवायला सुरुवात केली ते कळलं. जो टायरवर वाचवतो तो तेलावरही वाचवतो, तेल तर बाहेरून दिसतही नाही. मग चाक पूर्ण वळवायला सांगा आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा निघेपर्यंत झिजलेला असू शकतो. हात काळा होईल, होऊ द्या.

ब्रेकची डिस्क चाकाच्या फटीतून दिसते. तिच्या अगदी बाहेरच्या काठाला नख लावा. घासलेला भाग आत गेला असेल तर नख पायरीवर अडकतं. पायरी जितकी उंच तितकी डिस्क संपत आलेली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती गॅरेजमध्ये मोजून घ्यायची. सिरॅमिक डिस्क असतील तर नखाची ही युक्ती चालत नाही. त्या झिजताना हलक्या होतात, त्यावर किमान वजन लिहिलेलं असतं. तिथे फक्त काठाचे टवके उडालेत का बघा.

ई ६३ ला हवेवरचं सस्पेन्शन आहे. सकाळी पोचल्यावर, कुणी दार उघडायच्या आत, चारही चाकांवरच्या कमानीत बोटं घालून बघा. एका कोपऱ्यात चार बोटं जातात आणि दुसऱ्यात दोन, तर रात्रभरात तिकडची हवा उतरलीय. स्टार्ट केल्यावर दोन मिनिटांत गाडी तोल सावरून सरळ उभी राहते आणि मग कुणालाच काही दिसत नाही. म्हणून म्हणते, लवकर पोचा.

डिक्कीतला गालिचा उचला. ओल, गंज, पाण्याची रेघ. या गाड्यांच्या अंगात ठिकठिकाणी कंप्युटर आहेत आणि पाण्याशी त्यांचं पटत नाही. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आणि ब्रेक पेडलचं रबर बघा. मीटर चाळीस हजार म्हणतोय आणि पेडल गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवा.

यजमानांसाठी दोन वाक्यं. डिक्कीवर ६३ लिहिलेलं असलं तरी इंजिन ६,२०८ सीसीचं आहे, तो आकडा जुन्या ३०० एसईएल ६.३ च्या आठवणीखातर घातलाय, त्यामुळे 'सहा पॉइंट तीन' म्हणून रुबाब करणाऱ्या विक्रेत्यापुढे मान हलवावी आणि भाव कमी करावा. दुसरं गंभीर आहे : या पिढीच्या इंजिनात हेडचे बोल्ट गंजून तुटण्याचा दोष होता, आणि कूलंट सिलिंडरमध्ये उतरायचं. कंपनीनं नंतर बोल्ट बदलले. तुमच्या गाडीत सुधारित बोल्ट घातलेत का, कॅम आणि टॅपेटचं काम झालंय का, याचं बिल हवं. बिल नसेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला एखादा सिलिंडर लंगडतो का आणि मागून पांढरी वाफ गोडसर वासाची येते का, हे तुम्ही मागे उभ्या राहून बघायचं. यजमान तेव्हा पुढे आवाजावर लुब्ध झालेले असतील.

प्रश्न : २००४ ची ऑडी एस ४, व्ही ८. सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद खडखड होते, मग एकदम शांत. मालक म्हणतो, "या मॉडेलला सगळ्यांनाच येते." खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि तीच तर अडचण आहे. या इंजिनाच्या टायमिंग चेन पुढे नाहीत, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहेत. त्यांना वाट दाखवणाऱ्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या. त्या झिजल्या की चेन सैल पडते, आणि तिथवर पोचायला इंजिन बाहेर काढावं लागतं. सगळ्यांच्या दाढा दुखतात म्हणून आपली दुखरी दाढ चांगली ठरत नाही. त्या कामाचा अंदाज गॅरेजकडून लेखी घ्या, किमतीतून वजा करा. मालक तेवढ्यावर राजी झाला तर घ्या, गाडी मोठी गोड आहे.

प्रश्न : गाडी 'रीमॅप' केलेली आहे, शंभर अश्वशक्ती वाढल्यात असं जाहिरातीत लिहिलंय. फायदा समजू की तोटा?

उत्तर : रीमॅप म्हणजे इंजिनच्या कंप्युटरातली मूळ फाइल बदलणं. टर्बो गाड्यांत अशी ताकद वाढवणं हा संगणकावरचा अर्ध्या तासाचा खेळ आहे, म्हणूनच तो फार जण खेळतात. वाढलेली ताकद इंजिन देतं, पण ती पेलायची गिअरबॉक्सनं, क्लचनं, ड्राइव्ह शाफ्टनं आणि कूलंटनं. त्यांना कुणी विचारत नाही.

उघड सांगणाऱ्या मालकाला मी एक गुण जास्त देते. त्याला विचारा : कुणी केलं, मूळ फाइल जपून ठेवलीय का, प्लग किती वेळा बदलले, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं. धडाधड उत्तरं आली तर माणूस हौशी पण जबाबदार आहे. "ते काही आठवत नाही, पण पळते बघा कशी!" असं आलं तर तिथून पळ काढा.

मला भीती वाटते ती लपवणाऱ्यांची. वर्षभर ताणलेली गाडी विकण्याआधी पुन्हा साधी करून ठेवतात. तिच्या खुणा शोधाव्या लागतात. बारा वर्षांच्या मळकट इंजिनात हवेच्या पायपावरचे क्लिप तेवढे नवे कोरे. सायलेन्सरचे जुने नटबोल्ट गंजलेले आणि मधलेच चार चकचकीत. डॅशबोर्डच्या कडेला जादा मीटर चिकटवल्याच्या डिंकाचा चौकोन. धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का तेही गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघाच; नसेल तर प्रदूषणाच्या तपासणीत तुम्ही अडकाल, तो नाही.

प्रश्न : दोन गाड्या समोर आहेत. एक बारा वर्षांत फक्त अठरा हजार किलोमीटर फिरलेली, दुसरी त्याच वयाची पण एक लाख चाळीस हजार. पहिली महाग आहे. पण घ्यावी पहिलीच ना?

उत्तर : मी दुसरी आधी बघेन.

अठरा हजार भागिले बारा म्हणजे वर्षाला दीड हजार. एवढं फिरणारी गाडी बहुधा 'जरा फिरवून आणू' म्हणून दहा मिनिटं बाहेर निघते, तेल तापायच्या आत घरी परतते आणि पुन्हा तीन आठवडे झाकून उभी. इंजिनातली ओल उडून जायला तेल नीट तापावं लागतं. सील सुकतात, रबराचे पाइप कडक होतात, ब्रेकच्या तेलात पाणी मुरतं, बॅटरी दरवर्षी मरते. थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवाराच पडत नाही, त्यामुळे काजळी धरते, आणि गल्लीतल्या फेऱ्यांत ती सुटत नाही.

काही भागांना किलोमीटर कळतच नाहीत, वय कळतं. २००२ ते २००४ मधली ऑडी आरएस ६ घ्या. ४.२ लिटरचा दोन टर्बोंचा व्ही ८, ४५० अश्वशक्ती. तिला टायमिंग बेल्ट आहे, आणि तो कमी फिरल्यामुळे तरुण राहत नाही. तिचे शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांना तेलाच्या नळ्यांनी जोडलेले आहेत, ते उभ्या उभ्याही गळतात. अशी गाडी 'हात न लावलेली' म्हणून मिरवली जाते तेव्हा मला वाटतं, लावायला हवा होता.

एक लाख चाळीसवाली लांब रस्त्यावर फिरली असेल, बिलं जाडजूड असतील, कूलंटचा पंप, बुश, इंजिनचे माउंट एकेक करून बदललेले असतील, तर तो खर्च दुसऱ्या कुणीतरी केलाय. अर्थात बिलं नसतील तर ती नुसतीच दमलेली गाडी.

प्रश्न : मालक म्हणतो, चालवून बघा, पण बाहेरच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर नेऊ देणार नाही. काय करू?

उत्तर : दुसरी गाडी बघा.

प्रश्न : एफ १० पिढीची एम ५ चालवली. आतून आवाज असा घुमतो की इंजिन शंभर टक्के तंदुरुस्त असणार याची खात्री पटली. तरी तपासणी करावी का?

उत्तर : त्या गाडीत तुम्ही ऐकलेल्या आवाजाचा बराचसा भाग स्पीकरमधून येतो. विनोद नाही. केबिन इतकी शांत झाली की कंपनीनं इंजिनचा आवाज म्युझिक सिस्टीममधून आत आणून सोडला. काचा खाली करा, किंवा बाहेर उभे राहून दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. या इंजिनाचे दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेत, तिथे उष्णता भयंकर. आजूबाजूच्या नळ्या, वायरी आणि सील भाजून ठिसूळ होतात. तपासणी कराच, आणि मिस्त्रीला इंजिनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टॉर्चनं तो दरीसारखा भाग बघायला सांगा.

प्रश्न : तुमचा सल्ला वाचायला उशीर झाला. गेल्या आठवड्यात घेऊन टाकली. आता?

उत्तर : अभिनंदन! रागवत नाही, मीही असंच करून बसले होते.

किमतीचा साधारण पाचवा भाग पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवा. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या भागांची उतरत नाही. ब्रेकची डिस्क अजूनही नव्या महागड्या गाडीच्याच भावाला मिळते. सौदा करताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, पहिल्या बिलाला येतं.

या महिन्यात इंजिनचं, गिअरबॉक्सचं, डिफरन्शियलचं आणि ब्रेकचं तेल बदलून घ्या, कूलंटही. मागच्या मालकानं 'नुकतंच बदललं' म्हणून सांगितलं असलं तरी. निघालेलं तेल स्वच्छ बाटलीत भरून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळच्या तेलाशी ताडून बघता येईल. जुना फिल्टर कापून बघा, कसा ते वर सांगितलंय. कुठल्याही 'हे कधीच बदलावं लागत नाही' छापाच्या तेलावर विश्वास ठेवू नका, गिअरबॉक्सच्या तर नाहीच.

तेलाची पातळी दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना तपासा. अशी इंजिनं थोडं तेल पितात, त्याची वही ठेवा. किती किलोमीटरला किती घातलं, एवढंच लिहायचं. आकडा हळूहळू वाढला तर समजेल. आणि फिल्टर कापल्यावर त्याच्या घड्यांचा फोटो उजेडात काढून मला पाठवा. चमचम दिसली तर पुढच्या अंकाची वाट बघू नका, तोवर गाडी चालवूही नका.